हायड्रॉलिक टॅपेटची दुरुस्ती: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे १९८२ सालची फोक्सवॅगन व्हॅन आहे. तिचे इंजिन मागच्या बाजूला असून ते १९७० सीसीचे, हवेने थंड होणारे, चार आडव्या सिलिंडरांचे आहे आणि त्यात आठ हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे कॅमच्या (उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्याच्या) धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणारे, आत ऑइल भरलेले छोटे भाग. गेल्या दिवाळीनंतर आम्ही हे आठही टॅपेट काढले, साफ केले आणि त्यांतली हवा काढून पुन्हा बसवले. त्यानंतर गाडी सुमारे ५,२०० किलोमीटर चालली आहे. त्यात नाशिकची थंडी आली, एप्रिल-मे मधले ऊन आले आणि पावसाची सुरुवातही झाली, त्यामुळे दुरुस्ती टिकली की नाही, हे आता खात्रीने सांगता येते.

गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटे टकटक होणे हा या इंजिनाचा दोष नव्हे. टॅपेट आडवे असल्यामुळे, गाडी उभी असताना ज्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबलेली राहते, त्याच्या टॅपेटमधले ऑइल हळूहळू बाहेर झिरपते आणि त्या जागी हवा शिरते. इंजिन चालले की ऑइल पुन्हा भरते आणि आवाज थांबतो. माझ्या गाडीचा आवाज मात्र मुंबई नाक्यावरून निघून घोटी आली तरी थांबत नसे.

पहिल्या गॅरेजमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्ह यांच्यात ०.१५ मिलिमीटरची फट ठेवून दिली. साध्या टॅपेटसाठी ही रीत योग्य आहे, पण हायड्रॉलिक टॅपेटमध्ये फट ठेवायचीच नसते. ती फट भरून काढणे हेच तर आतल्या ऑइलचे काम असते. साहजिकच आवाज दुप्पट झाला. पुढे ऑइलमध्ये घालायचे एक औषध वापरून पाहिले, त्याने आठवडाभर थोडा फरक वाटला आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्या दोन महिन्यांत मला खरोखर त्रास झाला, कारण चुकीची फट ठेवून गाडी चालवणे म्हणजे कॅमला आणि रॉकरला विनाकारण मार देणे होय.

शेवटी अंबडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी हे इंजिन पूर्वी पाहिलेले नव्हते, पण टॅपेट मात्र आयुष्यभर पाहिलेले होते. "साहेब, आधी ऑइलचं प्रेशर बघू, मग टॅपेटला दोष देऊ," असे म्हणून त्यांनी प्रेशर गेज जोडला. गरम इंजिनावर मिनिटाला २,५०० फेऱ्यांना ३५ पीएसआय दाब दिसला. दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय असा साधारण हिशेब धरतात, म्हणजे पंप आणि बेअरिंग ठीक होते. मग सायलेन्सरचे जोड तपासले, कारण तिथून गॅस फुटत असला तरी हुबेहूब असाच आवाज येतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावल्यावर डाव्या बाजूच्या तिसऱ्या सिलिंडरपाशी ठोका स्पष्ट ऐकू आला.

या इंजिनाची एक सोय फार मोलाची आहे. हेड (सिलिंडरवरचे झाकण) न काढता पुशरॉडच्या (टॅपेटचा धक्का रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या बाहेर ओढता येतात आणि त्याच भोकांतून टॅपेट चुंबकाने काढता येतात, इंजिनाचे दोन भाग वेगळे करावे लागत नाहीत. प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपापल्या उंचवट्यावर घासून बसलेला असतो, म्हणून तो मूळ जागीच परत गेला पाहिजे. आम्ही अंड्यांचा ट्रे घेतला, खळग्यांवर आकडे लिहिले आणि एका वेळी एकच टॅपेट उघडला.

आत काळा, चिकट थर होता. रॉकेलने तो निघाला. मग खरे काम सुरू झाले. स्टीलच्या पातेल्यात नवे ऑइल ओतून टॅपेट त्यात पूर्ण बुडवायचा, स्प्रिंग आणि प्लंजर (आतला दट्ट्या) घालायचे, बारीक तारेने ऑइल आत अडवणारी छोटी गोळी जागेवरून किंचित हलवून प्लंजर सावकाश खाली दाबायचा. पहिल्या दाबाला बुडबुड्यांची माळ वर येते, मग एखाददुसरा बुडबुडा, मग काहीच नाही. तार काढून सर्क्लिप (प्लंजर अडवणारी कडी) बसवल्यावर टॅपेट अंगठ्याने दाबून पाहायचा, तो दगडासारखा घट्ट लागला पाहिजे. सात टॅपेट तसे झाले. तिसऱ्या सिलिंडरचा एक मात्र तीनदा भरूनही अंगठ्याखाली हळूहळू बसत गेला, कारण त्यातल्या गोळीची बैठक झिजलेली होती. तेवढा एक नवा मागवला. नव्या टॅपेटमधलीही हवा काढावीच लागते, हे अनेक जण विसरतात. नळ्यांचे सगळे ओ-रिंग (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या) त्याच वेळी बदलले.

बसवताना व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या दांड्याला नुसता टेकवला आणि तिथून दोन पूर्ण फेरे आत घेतला. ऑइलने भरलेला टॅपेट लगेच दबत नाही, त्यामुळे या वेळी व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो. म्हणून इंजिन घाईने न फिरवता तासभर थांबलो. चालू केल्यावर आवाज झालाच, पण २,००० फेऱ्यांवर दहा मिनिटे ठेवल्यावर एकेक ठोका गळत गेला आणि अखेरीस फक्त पंख्याचा आवाज उरला. मिस्त्री हातातले कॉटन वेस्ट तसेच धरून बराच वेळ ऐकत उभे होते.

आठ महिन्यांत तो न थांबणारा आवाज परत आलेला नाही. मे महिन्यात भर दुपारी नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढलो तेव्हा ऑइल चांगलेच तापले होते, तरीही इंजिन शांत होते. २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल आणि फिल्टर दर ४,००० किलोमीटरला बदलायचे मी ठरवले असून, साडेतीन लिटर ऑइल लागणाऱ्या या इंजिनासाठी हा खर्च मला मुळीच जड वाटत नाही. जानेवारीत गाडी बारा दिवस उभी राहिली, त्यानंतरच्या सकाळी चार-पाच मिनिटे टकटक झाली आणि गंगापूर रोडला लागेपर्यंत थांबली. एक ओ-रिंग किंचित पाझरतो आहे, पार्किंगमध्ये आठवड्याला रुपयाएवढा डाग पडतो. पावसाळा संपला की ती नळी पुन्हा काढणार आहे. त्या वेळी आतला टॅपेट हाताशी येईलच, तेव्हा अंगठ्याने दाबून पाहीन.