लॅब्रॅडॉर मादी: एकदा पिल्लं की थेट नसबंदी?

“एकदा तरी आई होऊ दे तिला,” असं घरात कुणीतरी म्हणतंच. पण आरोग्यासाठी एक वेत हवंच, याला वैद्यकीय आधार नाही.

पिल्लं हवीच असतील तर आधी नर-मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे काढा. या जातीत खुब्याचा दोष पुढच्या पिढीत उतरतो. गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा. खरी कसोटी त्यानंतर. सहा-आठ पिल्लं, त्यांना सुरुवातीला अंगची ऊब टिकवता येत नाही, आईनं चाटल्याशिवाय लघवीही होत नाही. दूध कमी पडलं तर दर दोन-तीन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. कॅल्शियम घसरून आईला झटके आले तर तातडीनं डॉक्टर गाठावा लागतो. आणि “एक आम्हाला” म्हणणारे बरेचजण ऐनवेळी मागे हटतात, तेव्हा त्या जिवांचं काय?

नसबंदीत भूल, टाके, दहा-बारा दिवसांची जपणूक. पुढे वजन वाढतं, खाणं मोजून द्यावं लागतं. पण गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. मोठ्या जातीत फार लवकर केल्यास सांधे दुखावू शकतात, म्हणून वय डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मी नसबंदीच्याच बाजूची. पिल्लांची हौस असेल तर निवारा केंद्रातलं एखादं अनाथ पिल्लू काही आठवडे सांभाळायला आणा.