पायडँटिक, सात महिन्यांनंतर: रिकामी फॅट म्हणजे शून्य फॅट नव्हे

अकरा दूध संकलन केंद्रांच्या फायली दर दहा दिवसांनी माझ्याकडे येतात आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली माझी स्क्रिप्ट सभासदांची बिलं काढते. तिच्यात मी एक ओळ लिहून ठेवली होती: आकडा वाचता आला नाही तर शून्य धर. एका सकाळी केंद्रावरचं मशीन बंद होतं, फॅटचा रकाना रिकामा आला. स्क्रिप्टने शून्य धरलं आणि एका बाईंच्या बारा लिटर दुधाला दरच लागला नाही. त्या बिल घेऊन केंद्रावर आल्या तेव्हा कळलं. चूक सर्वस्वी माझी होती.

मग पायडँटिकची दुसरी आवृत्ती घेतली. आलेली माहिती ठरवलेल्या प्रकारची आहे की नाही हे तपासणारी ही पायथनची लायब्ररी. सगळ्यात उपयोग झाला तो सभासद क्रमांकाला. एक्सेल फायलीत ००४२ टाइप केलं की एक्सेल पुढची शून्यं खातं, हातात ४२ ही संख्या येते. नुसत्या पायथनने तिची स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) केली की ती निमूट होते आणि सभासद यादीत सापडत नाही. पायडँटिक मात्र स्ट्रिंगच्या जागी संख्या दिसली की अडवतं. पहिल्या आवृत्तीत तेही गुपचूप बदलून घ्यायचं. कुठल्या रकान्यात काय आलं हे सांगतं, आणि एका ओळीतल्या सगळ्या चुका एकदम दाखवतं.

पैसे आणि फॅट मी डेसिमल या नेमक्या दशांश प्रकारात ठेवतो, कारण फ्लोट या नेहमीच्या अपूर्णांक प्रकारात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. एका केंद्राचे सचिव मराठी अंकांत लिहितात. त्यांच्यासाठी वेगळी सोय करायला बसलो, तर पायथनचं डेसिमल देवनागरी अंक मुळातच वाचतं! फार बरं वाटलं.

त्रासही झाला. आकड्याचा रकाना रिकामा चालेल असं सांगूनही सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फायलीतली रिकामी स्ट्रिंग पायडँटिक नाकारतं. आधी तिचं नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) करून घ्यावं लागतं. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे प्रकार आपोआप न बदलणारी कडक तपासणी, सरसकट लावला तर सीएसव्ही फायलींतली एकही ओळ पास होईना, कारण तिथून सगळं स्ट्रिंग म्हणूनच येतं. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. आता तो लावतच नाही.

आणि ४.२ मधला टिंब राहून ४२ झालं, तर प्रकार बरोबरच असतो (तोही आकडाच), ते बिनतक्रार पुढे जातं. म्हणून फॅटला खालची-वरची मर्यादा घातली. मागच्या बिलाला अशा तीन ओळी अडकल्या. केंद्रावर फोन करून आकडे विचारले, मगच बिलं काढली.