जहाजावरची वार्षिक बैठक: सेवेविषयी अभिप्राय

आमच्या संस्थेची वार्षिक बैठक यंदा क्रूझ जहाजावर झाली आणि तिचे नियोजन माझ्याकडे होते. सर्वांत मोठी सोय म्हणजे सभागृह, पडदा, ध्वनिक्षेपक, निवास आणि जेवण हे सारे आमच्या प्रवासभाड्यातच आले. मात्र जहाजावरचे मोठे नाट्यगृह संध्याकाळी करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी राखीव होते, त्यामुळे ते सकाळीच मिळाले; आणि तेही जहाज दिवसभर समुद्रात असेल त्याच दिवशी मागावे, कारण बंदराच्या दिवशी निम्मी मंडळी किनाऱ्यावर उतरलेली असतात.

पहिले सत्र आम्ही पहिल्याच दुपारी ठेवले, ही आमची चूक होती. २०१२ मधील कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले असून, २०१५ पासून नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. आमच्या सत्राचा वेळ त्या कवायतीतच गेला, आणि तो तसा जाणेच योग्य होते. समूह आरक्षण पाहणाऱ्या समन्वयक बाईंनी दुसऱ्या सकाळची नवी वेळ तत्परतेने मिळवून दिली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

तक्रार एकच आहे: भर समुद्रात उपग्रहावरून मिळणारे इंटरनेट इतके मंद होते की बाहेरच्या वक्त्याचे दूरस्थ भाषण अर्ध्यावर थांबवावे लागले, आणि याची पूर्वकल्पना कंपनीने द्यायला हवी होती. सादरीकरणे व चित्रफिती घरूनच डाउनलोड करून न्याव्यात.