मूल आजारी पडलं तर? घरगुती पाळणाघर की नियमांचं डे-केअर

पाळणाघर बघायला गेल्यावर आपण खेळणी बघतो, कॅमेरे बघतो. मूल आजारी पडलं तर काय करता, हे विचारायचं राहून जातं. माझी मुलगी दोन्हीकडे राहिली आहे : आधी गल्लीतल्या काकूंकडे, मग ऑफिसजवळच्या डे-केअरमध्ये.

काकूंकडे सहा-सात मुलं. अंग जरा कोमट लागलं तरी "असू दे गं, मी बघते" म्हणायच्या. मऊ भात भरवायच्या, मांडीवर थोपटून निजवायच्या. सासर-माहेर दोन्ही लांब असलेल्या मला तो फार मोठा आधार होता. पण सगळी मुलं एकाच सतरंजीवर झोपायची. एकाच्या तळहातावर फोड आले, ते उष्णतेचे म्हणून सोडून दिले. पाच दिवसांत माझ्या मुलीसकट तिघांना हँड-फूट-माउथ, म्हणजे हाता-पायांवर आणि तोंडात फोड येणारा संसर्गजन्य आजार. तोंडातल्या फोडांमुळे तिला घोटभर पाणी गिळवेना. रात्रभर चमच्या-चमच्याने गार ताक पाजत बसले होते.

डे-केअरचे नियम लेखी होते. १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की फोन, तासाभरात न्यायचं, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच परत आणायचं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. फी मात्र पूर्ण. पहिल्या पावसाळ्यात माझ्या नऊ रजा गेल्या. चिडले होते, तरी नियम बरोबर आहे असंच म्हणेन. सकाळी आठला पॅरासिटामॉल देऊन सोडलेलं मूल दुपारपर्यंत पुन्हा तापतं, आणि तोवर सगळ्यांत मिसळून खेळलेलं असतं.

अर्थात नियमांनी सगळं थांबत नाही. कांजिण्या पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. म्हणून डे-केअरने लसीकरणाचं कार्ड मागितलं आणि कुणाला काही झालं की नाव न घेता त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मूल अगदी तान्हं असेल, दमा असेल किंवा घरी आजारी आजी-आजोबा असतील, तर डे-केअरच घ्या. रजा मिळतच नसेल तर काकू, पण ताप, जुलाब, पुरळ असलेलं मूल घेणार नाही आणि लंगोट बदलल्यावर दर वेळी साबणाने हात धुईन, एवढं त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या. आणि नुसत्या सर्दीला घरी पाठवणारं डे-केअर मात्र नको. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच.