देवळातला डीएसपी बॉक्स: भारी, पण लिंक जपून करा

फोंड्याकडच्या आमच्या देवळात जत्रेला नाटक नि एरवी भजन, म्हणून जुना मिक्सर काढून सेटिंगवाला डीएसपी (कॉम्प्युटरवरून आवाज सेट करायचा डिजिटल बॉक्स) बसवला, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. सभामंडप, बाहेरचा मांडव आणि अग्रशाळा (भाविकांची उतरायची-जेवायची जागा) असे तीन झोन, तिघांचे व्हॉल्यूम लिंक करून भिंतीवर एकच नॉब, भटजीकाकापण आरामात फिरवतात!

पण सुरुवातीला लिंक ॲब्सोल्यूट राहिलेलं, म्हणजे नॉब हलवला की सगळे फेडर (व्हॉल्यूमच्या पट्ट्या) एकाच आकड्यावर, अग्रशाळा -१८ वरून थेट -६ वर गेली आणि पंगतीत बसलेल्यांच्या कानात नांदी घुसली, वाढणारे पण दचकले 😅 रिलेटिव्ह केलं की फरक तसाच राहतो, ३ डीबी (डेसिबल) वाढवले तर सभामंडप -६ वरून -३ आणि अग्रशाळा -१८ वरून -१५. हा ऑप्शन मेन्यूत इतका आत लपवलाय की शोधायला संध्याकाळ गेली.

म्यूट वेगळा ठेवा, अग्रशाळा बंद केली तर नाटक बंद पडायला नको. ईक्यू (बास-ट्रेबलचं सेटिंग) लिंक करूच नका, दगडी सभामंडप घुमतो, मांडव नाही घुमत. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्याचा एक स्टार कापला.