ओंबळ्यांचं नाव घेतलं आणि मी कार्डाचा नंबर दिला

मी मूळची गिरगावची, गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. २६/११ च्या रात्री माझा धाकटा भाऊ चौपाटीपासून पाच मिनिटांवर, आमच्या चाळीतच होता. तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवली, त्या रस्त्याने आम्ही लहानपणी भेळ खायला जायचो. हे आधी सांगते, कारण मला लुबाडणाऱ्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

सप्टेंबर २०२२. पाकिस्तानच्या एफ-१६ विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरच्या व्यवहाराला अमेरिकन सरकारने मंजुरी दिल्याची बातमी आली, आणि आठवड्याभरात मला फोन. मुलगा हिंदीत बोलत होता, अदबीने, दर वाक्याला 'दीदी'. म्हणाला, आमची पॅक आहे, म्हणजे निवडणुकीसाठी देणग्या गोळा करणारी समिती, फक्त एकाच कामासाठी: पाकिस्तानला शस्त्रं देण्याच्या विरोधात मत देणाऱ्या खासदारांना निवडणुकीत मदत करायची. "ओंबळे साहबने जान दी, दीदी, और यहाँ उन्हीं लोगों के जहाज़ ठीक हो रहे हैं।" माझा घसा दाटून आला. २०१६ साली पाकिस्तानला मिळणारी आठ एफ-१६ आम्हीच रोखली, असंही तो म्हणाला.

मी २५० डॉलर भरले. त्या पानावर खाली 'दर महिन्याला १००' या चौकटीत आधीच टिक केलेली होती, ती मला दिसली नाही. नोव्हेंबरात २६/११ च्या स्मरणार्थ म्हणून आणखी ५०० दिले. आणि मंडळातल्या तीन कुटुंबांना मीच गळ घातली. एकूण माझे २,०५० डॉलर गेले, पण ती तीन कुटुंबं मला पैशांपेक्षा जास्त लागतात.

शंका यायला वर्ष लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच मुलाचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, भाचा इथे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्यालाही द्यायचं आहे, पण त्याला चालतं का? तो म्हणाला, पैसे त्याचे, नाव तुमचं टाका. मी नागरिकत्वाची परीक्षा दिलेली बाई. परदेशी नागरिकाने अमेरिकेच्या निवडणुकीत पैसे द्यायचे नसतात. ग्रीन कार्डवाल्याला चालतं, व्हिसावाल्याला नाही. दुसऱ्याच्या नावावर देणं हाही गुन्हाच. पोटात गोळा आला.

त्या रात्री लेकीने लॅपटॉप उघडला. अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पॅकचा हिशेब असतो, फुकट, कुणालाही बघता येतो. समितीचा क्रमांक 'सी' या अक्षराने सुरू होतो. नाव घातलं आणि पहिल्याच पानावर कळलं की समितीची नोंदणीच २०२१ सालची. म्हणजे २०१६ चं श्रेय सपशेल खोटं. त्या वर्षी तो सौदा अडवण्याचा ठराव सेनेटने ७१ विरुद्ध २४ मतांनी बाजूला सारला होता. पुढे परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बॉब कॉर्कर सौद्यासाठीच्या अमेरिकन सवलतीच्या पैशाला आडवे आले, पाकिस्तान पूर्ण किंमत भरेना, म्हणून तो बारगळला.

मग खर्चाची यादी. फोन करणारी कंपनी, नावांच्या याद्यांचं भाडं, सल्लागार, पुन्हा फोन करणारी कंपनी. सल्लागाराचा पत्ता आणि समितीचा पत्ता एकच, तोही दुकानातल्या टपालपेटीचा. लेकीने वहीत बेरीज मांडली: उमेदवारांपर्यंत शंभरातले चार डॉलरसुद्धा पोचले नव्हते. २०० डॉलरच्या वर देणाऱ्यांची नावं जाहीर करावी लागतात, त्यामुळे त्या यादीत माझं नाव, गाव, हुद्दा, नोकरीचं ठिकाण, सगळं छापलेलं. ते बघून मला रडू आलं.

आयोगाकडे तक्रार शपथेवर द्यावी लागते. मी ती नोटरीसमोर सही करून पाठवली. पण जमा रकमेतला अमुक हिस्सा उमेदवारांना दिलाच पाहिजे, असा नियमच कायद्यात नाही. ही पळवाट त्या लोकांना पाठ आहे. बँकेने शेवटचे दोन हप्ते परत केले, बाकीचे नाही.

देणगी देणं मी सोडलेलं नाही. मुंबईच्या त्या हल्ल्यात सहा अमेरिकनही गेले, हा विषय इथल्या खासदारांपुढे आलाच पाहिजे. आता मी थेट उमेदवाराच्या समितीला देते. पॅक असेल तर आधी खर्चाची यादी बघते: उमेदवारांना किती, स्वतःच्या माणसांना किती. फोनवर कार्ड नाही. चौकटीतली टिक काढूनच पुढे जाते. आणि कार्डाचा हिशेब दर महिन्याला ओळ न ओळ वाचते, कारण तिथे समितीचं पूर्ण नाव येत नाही, चार-पाच अक्षरं येतात. माझ्या नजरेतून ती तेरा वेळा निसटली.

तीनपैकी दोन घरी जाऊन मी सांगून आले. वहिनींनी चहा दिला, एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तिसरे काका निवृत्त होऊन पुण्याला परतलेत. त्यांचं इथलं कार्ड अजून चालू आहे आणि त्यातून दर महिन्याला ३५ डॉलर जातात, हे त्यांच्या लक्षातही नाही. रविवारी त्यांना फोन करणार आहे.