सल्लागार मॅडमनी आधी चित्रं पाहिली

नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळ, दुसऱ्या माळ्यावर एका मॅडमचं छोटं ऑफिस आहे. दिवसा जर्मन शिकवतात, संध्याकाळी सहानंतर व्हिसाची कागदपत्रं पाहतात. माझी मुलगी एचिंग करते, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापे काढते. तिला बर्लिनला स्वतंत्र कलाकार म्हणून राहायचं होतं.

आधी आम्ही सीताबर्डीच्या एका एजन्सीत गेलो होतो. पहिला प्रश्न, "ऑफर लेटर कुठाय?" नाही म्हटल्यावर, "मग स्टुडंट व्हिसावर टाकू, पुढचं पुढे." वरून डिग्रीवर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारतात तो, शिक्का मारून आणला आणि त्याचे नऊ हजार घेतले. भारत अपोस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे तो शिक्का तिकडे चालतच नाही. आम्हाला हे कळलं ते पैसे गेल्यावर, या मॅडमकडून.

मॅडमनी फाईल बाजूला ठेवून टेबल रिकामं केलं आणि म्हणाल्या, "छापे दाखव आधी." पाऊण तास एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग विचारलं, "बेटा, हे बर्लिनमध्ये कोण घेणार?"

सगळी गोम याच प्रश्नात आहे. तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ मधल्या पाचव्या पोटकलमात स्वतंत्र व्यावसायिकांना परवाना मिळतो, पण या कामातून तुमचं पोट भरेल हे दाखवावं लागतं. मुलीकडे तिकडून आलेली दोन पत्रं होती, दोन्हीत नुसतं कौतुक. मॅडमनी ती परत पाठवायला लावली. काम कोणतं, किती महिन्यांचं, किती युरोचं, हे लिहून आणा म्हणाल्या. मग खोलीभाडं, विमा, शाई, कागद असा महिन्यामहिन्याचा हिशेब. त्यात तीन शनिवार गेले. मी शेजारी बसून असायचो. आपल्या मुलीच्या कामाकडे कोणी इतकं गंभीरपणे पाहतंय, याचंच मला भरून यायचं.

मी म्हणालो होतो, अडचण आली तर कॅफेत काम करेल. मॅडमनी तिथेच थांबवलं. परवान्यावर जे काम लिहिलंय तेवढंच करता येतं, भलती नोकरी धरली तर परवानाच धोक्यात. हे निघण्याआधी कळलं ते बरं झालं, कारण त्यामुळेच आम्ही जास्तीची शिल्लक बाजूला काढली.

मी एकतीस वर्षं पीएफ कापून घेतलेला माणूस. पोरगी आजारी पडली तर काय, हीच काळजी. त्यावर मॅडमनी क्युन्स्टलरसोत्सियालकासे समजावलं. कलाकारांसाठीची ही व्यवस्था १९८३ पासून चालू आहे. आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा हप्ता कलाकार भरतो, नोकरदारासारखाच. उरलेला अर्धा कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्था आणि सरकार मिळून देतात. कलेतून वर्षाला ३,९०० युरोच्या वर कमाई हवी, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला पहिली तीन वर्षं ही अट नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली.

एक चूक मात्र त्यांच्याकडून झाली. सुरुवातीच्या महिन्यांसाठी प्रवास विमा पुरेल म्हणाल्या, तो पुरला नाही. व्हिसासाठी दुरांतोने मुंबईची दुसरी खेप पडली. मॅडमनी चूक कबूल केली आणि फीचा शेवटचा हप्ता घेतला नाही. एकूण फी पंधरा हजार ठरली होती, आम्ही बारा दिले.

असा परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. मुलीला पहिल्यांदा दोन वर्षांचा मिळाला, आता नूतनीकरणाची तयारी चालू आहे. त्याचेही कागद ती मॅडमनाच पाठवते.

आयटीवाल्यांनी किंवा शिकायला जाणाऱ्यांनी इथे जायची गरज नाही, त्यांच्यासाठी गावभर दुकानं आहेत. चित्रकार, वादक, नर्तक यांनी जरूर जावं. फोन करून वेळ घ्या आणि मूळ काम सोबत न्या. मोबाईलवरचे फोटो त्या पाहत नाहीत.